अक्षरे, त्यांचे कपडे आणि एक जुनी फाइल

२०२४ साली माझ्या आईची जन्मशताब्दी होती. आई जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती. घरातल्या घरात काहीतरी करावे असे आम्हा भावंडांच्या मनात आले आणि सगळ्यांना एकदम आठवली ती तिच्या आठवणींची पुस्तिका. १९९९ साली, तिच्या पंच्याहत्तरीला, तिने सांगितलेल्या आठवणी मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. मग चार महिने खपून शाळेतल्या संगणकावर स्वतः टंकल्या. बत्तीस पाने झाली. पंचवीस प्रती काढून नातेवाइकांना वाटल्या. माझ्याकडची प्रत आणि मूळ वही पुढे वाळवीने खाल्ली. बाकीच्या प्रतींची चौकशी केली, तर कुणाकडेच सापडेना. उरली होती फक्त फाइल. फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी बदल्या होत होत ती टिकली होती.

नातवाने ती त्याच्या लॅपटॉपवर उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस, उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी. मी म्हटले, "गेली रे फाइल." तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, फाइल चांगली आहे. फक्त फाँट नाहीये."

हे वाक्य मला काही केल्या पचेना. फाँट म्हणजे अक्षराचा घाट, म्हणजे कपडा. कपडा हरवला म्हणून माणूसच ओळखू येऊ नये? एखाद्या मुलाने गणवेश घातला नाही म्हणून तो मुलगाच राहत नाही, असे थोडेच आहे? या एका प्रश्नापायी मी पुढचे काही महिने वर्ड प्रोसेसरचा इतिहास वाचत बसलो. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला शिक्षक, संगणक माझा विषय नव्हे. पण जे समजले ते आपल्या भाषेत मांडून पाहतो.

आमच्या वेळी शाळेचे वार्षिक खिळे जुळवून छापले जाई. हस्तलिखितात एखाद्या शब्दाखाली सरळ रेघ ओढली की जुळाऱ्याला कळे, हा शब्द तिरप्या टायपात. नागमोडी रेघ ओढली की ठळक टायपात. मजकूर आमचा आणि मांडणीच्या सूचना त्याच कागदावर, पण वेगळ्या खुणांनी. छापून आल्यावर त्या रेघा नाहीशा व्हायच्या आणि त्यांचा परिणाम तेवढा उरायचा. संगणकात शब्द ठळक करायचा तर ही नागमोडी रेघ कुठे ओढायची? वर्ड प्रोसेसरच्या इतिहासातला बराच मोठा भाग या एका प्रश्नाच्या उत्तरांचा आहे.

पहिले उत्तर सरळ होते: रेघ मजकुरातच ओढा. १९७८ साली मायक्रोप्रो कंपनीचा वर्डस्टार बाजारात आला. सेमूर रुबिन्स्टाइन हे कंपनीचे संस्थापक आणि रॉब बार्नबी हे प्रोग्रॅम लिहिणारे. वर्डस्टारमध्ये ठळक शब्दाच्या आधी एक गुप्त खूण जाई आणि शब्द संपल्यावर तीच खूण पुन्हा. नवे पान हवे असेल तर ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन दोन अक्षरांची आज्ञा लिहायची. आणखी एक युक्ती होती. इंग्रजीची अक्षरे, अंक, विरामचिन्हे मिळून १२८ संकेतांत भागतात, त्याला सात बिट पुरतात. आठवा बिट रिकामा. वर्डस्टारने त्या रिकाम्या जागेत आपली मांडणीची खूण ठेवली: शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करायचा.

गंमत म्हणजे भारतीय लिप्यांसाठी जे 'इस्की' नावाचे प्रमाण ठरले (१९९१ साली ते भारतीय मानक झाले), त्यात आपली अक्षरे नेमकी त्याच वरच्या १२८ जागांत बसवली. म्हणजे एकाच बाकावर दोन मुले. अमेरिकेतल्या माणसाला जी जागा रिकामी दिसली, ती आमच्या क, ख, ग ला लागणार होती. त्याची चूक नव्हती. त्याच्या वर्गात आमची मुले बसलेलीच नव्हती.

दुसरे उत्तर वर्डपरफेक्टचे. अमेरिकेच्या यूटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले प्राध्यापक ॲलन ॲश्टन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस बॅस्टियन यांनी ओरेम या गावाच्या नगरपालिकेसाठी तो प्रोग्रॅम लिहायला घेतला. १९८२ साली तो आयबीएम पीसीवर आला. त्यातही खुणा मजकुराच्या ओघातच असत, पण एक मोठी सोय होती. एक कळ दाबली की पडदा दुभंगे आणि खालच्या अर्ध्या भागात साऱ्या लपलेल्या खुणा उघड दिसत: इथे ठळक सुरू, इथे बंद. काही बिघडले तर माणूस स्वतः आत डोकावून चुकलेली खूण पुसू शके. अनेक जुने लोक आजही त्या सोयीसाठी हळहळतात. फळ्यावर नुसते उत्तर न लिहिता रीत दाखवणाऱ्या शिक्षकाची आठवण मुले काढतात, तसेच ते.

तिसरे उत्तर कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तयार झाले. १९७४ साली बटलर लॅम्पसन आणि मूळचे हंगेरीचे चार्ल्स सिमोनी यांनी तिथल्या आल्टो या संगणकासाठी 'ब्राव्हो' नावाचा प्रोग्रॅम केला. पडद्यावर दिसेल तसेच कागदावर उमटेल, हे वचन प्रथम तिथे प्रत्यक्षात आले. १९८१ साली सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली वर्ड आला. माझी १९९९ ची फाइल ही याच घराण्यातली.

या घराण्याची रीत निराळी. मजकुरात खुणा घालायच्याच नाहीत. मजकूर एकीकडे, आणि त्याचे रूप सांगणारे तक्ते दुसरीकडे. पहिल्या अक्षरापासून चाळिसाव्यापर्यंत साधे, एकेचाळीस ते सेहेचाळीस ठळक, मग पुन्हा साधे, अशी नोंदवही. परिच्छेदाची मांडणी त्याच्या शेवटी असलेल्या अदृश्य खुणेला बांधलेली. ती खूण पुसली की परिच्छेदाचे रूप एकदम का बदलते, याचा उलगडा मला पंचवीस वर्षांनी झाला. तेव्हा मी संगणकालाच बोल लावत असे.

आणि मजकूर तरी सलग असतो का? तोही नाही. आपण मध्येच एक वाक्य घातले तर प्रोग्रॅम मूळ मजकुराला हात लावत नाही. नवे वाक्य वेगळ्या जागी लिहून ठेवतो आणि एका तक्त्यात नोंद करतो: आधी मुळातला अमुक भाग, मग नव्यातला तमुक, मग पुन्हा मुळातला उरलेला. ज्यांनी बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यांना हे लगेच समजेल. 'प्रश्न ३ चा उरलेला भाग पुरवणी २ वर पाहा.' विद्यार्थ्याने काही खोडलेले नसते, पण परीक्षकाने योग्य क्रमाने पाने उलटली तरच उत्तर सलग वाचता येते. केलेला बदल रद्द करणे इतके सोपे का, तेही यावरून कळते. जुना मजकूर कुठे गेलेलाच नसतो, फक्त नोंद पूर्वीसारखी करायची. याची दुसरी बाजूही होती. वर्डमध्ये पूर्वी झटपट जतन करण्याची एक सोय होती. तिच्यामुळे आपण पुसलेला मजकूरही फाइलच्या पोटात राहून जाई आणि तो दुसऱ्याच्या हाती पडू शके.

आता विचार करा, की इतक्या पुरवण्या, इतके तक्ते, आणि एकातली नोंद एका अक्षराने चुकली तर ठळकपणा शेजारच्या शब्दावर जाऊन बसणार. हे सगळे बरोबर चालते आहे की नाही, हे तपासायचे कुणी आणि कसे?

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विंडोजसाठीचा पहिला वर्ड १९८९ साली आला, तोही ठरल्या वेळेच्या फार उशिरा. त्या काळातला एक किस्सा जोएल स्पॉल्स्की या संगणकतज्ज्ञाने २००० साली लिहिलेल्या लेखात सांगितला आहे. ओळीची उंची किती, हे मोजणारा भाग एका प्रोग्रॅमरला लिहायचा होता. अक्षर मोठे असेल तर ओळ उंच, लहान असेल तर बुटकी, असा तो हिशेब. वेळापत्रकाच्या धाकाने त्या गृहस्थाने हिशेब लिहिलाच नाही. कुणीही विचारले तरी उत्तर एकच: बारा. चूक तपासणाऱ्याला सापडेल, तो कळवेल, मग बघू. आमच्या वर्गात गणिताच्या तासाला मागच्या बाकावरून असेच उत्तर यायचे. फरक एवढाच की आमचा तो विद्यार्थी त्याचा पगार घेत नव्हता. पुढे त्या कंपनीने नियम केला की नवे काही लिहिण्याआधी सापडलेली चूक दुरुस्त करायची. मुळाक्षरे गिरवून पक्की होईपर्यंत जोडाक्षरांकडे जायचे नाही, हा जुन्या पंतोजींचा नियम याहून वेगळा नाही. पंचवीस वर्षांनी, २०१४ साली, त्या जुन्या वर्डच्या १.१ए या आवृत्तीचा मूळ प्रोग्रॅम कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयाने सर्वांना पाहण्यासाठी खुला केला. आपल्या चुकांची वही अशी उघडी ठेवणे मला आवडले.

चुकांच्या वहीचा खरा मानकरी मात्र डोनाल्ड नूथ. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या या प्राध्यापकाने आपल्या पुस्तकांची छपाई मनासारखी होईना म्हणून 'टेक' नावाची अक्षरजुळणीची प्रणाली स्वतः लिहिली. ती वर्ड प्रोसेसर नव्हे, पण काम त्याच जातीचे. १९७८ पासून सापडलेली प्रत्येक चूक त्यांनी नोंदवून ठेवली आणि १९८९ साली ती सगळी यादी छापून टाकली. नवी चूक दाखवणाऱ्याला ते बक्षिसाचा धनादेश पाठवत. प्रणालीच्या चाचणीसाठी त्यांनी मुद्दाम एक अत्यंत वाकडी फाइल तयार केली. शहाण्या माणसाला सुचणार नाही असा मजकूर, विचित्र मापे, निरर्थक आज्ञा. प्रोग्रॅमचा एकही कोपरा न तपासलेला राहू नये, हा हेतू. सोप्या प्रश्नपत्रिकेत सगळेच पास होतात, हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

आज या चाचण्या यंत्रेच करतात. लिबरऑफिससारख्या खुल्या प्रकल्पात कुणी एखादी चूक कळवली की ती चूक दाखवणारी फाइल जपून ठेवतात आणि प्रोग्रॅममध्ये पुढे काहीही बदल केला तरी ती पुन्हा तपासली जाते. दुरुस्त झालेली चूक मागच्या दाराने परत येऊ नये म्हणून. दुसरी चाचणी अशी: फाइल उघडा, जतन करा, पुन्हा उघडा आणि आधीची व नंतरची जुळते का पाहा. गेली तशीच परत आली पाहिजे.

आता माझ्या फाइलकडे येतो. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर या सगळ्यात होते, पण ते कळल्यावर मी जरा वेळ गप्प बसून राहिलो. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे मराठी टंकायची सर्वांत सोपी वाट म्हणजे फाँटची युक्ती. संगणकाला मराठी येतच नव्हते. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकार चढवलेले फाँट केले गेले. मी कळ दाबली की संगणक आत एक इंग्रजी अक्षर लिहून ठेवी आणि रूपाच्या तक्त्यात नोंद करी, की हे अमुक फाँटमध्ये दाखव. म्हणजे जी नोंद इंग्रजांच्या घरी कपड्याची होती, ती आमच्या घरी कातडीची होती. आईचे मराठी मजकुरात नव्हतेच. ते सगळे फॉरमॅटिंगमध्ये होते. फाँट नाही म्हणजे मराठी नाही.

पण त्याच तक्त्याने फाइल वाचवलीही. फाँट हरवला तरी फाँटचे नाव ओळीओळीला नोंदलेले होते. कुठला मजकूर मराठी म्हणून वाचायचा आणि कुठले शब्द खरोखर इंग्रजी आहेत, हे त्यामुळेच कळले. कुणी शहाणपणा करून फॉरमॅटिंग काढून नुसता मजकूर जतन केला असता, तर तेवढीही खूण उरली नसती.

नातवाने इंटरनेटवरच्या एका परिवर्तकातून फाइल युनिकोडमध्ये बदलून घेतली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोजमध्ये ती २००० सालापासून. इथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तो कपड्यावर अवलंबून नाही. मला विशेष आवडले ते वेलांटीचे. जुन्या फाँटांत टंकलेखन यंत्रासारखी पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी मागाहून. 'क ला पहिली वेलांटी कि' असे आपण वर्गात म्हणतो, त्याच क्रमाने.

नव्या वर्डच्या फाइलच्या नावाला शेवटी 'झिप' लावून ती उघडली की आतला सगळा तक्ता वाचता येतो. नातवाने तो मला दाखवला. त्यात अक्षराचा आकार आणि ठळकपणा दोनदा नोंदवायची सोय आहे: एक इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी, एक आपल्यासारख्या गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी. म्हणजे इंग्रजी मजकुरावर उत्तीर्ण झालेली चाचणी मराठीला पुरत नाही. आपला पेपर आपणच काढायला हवा.

तो पेपर आमच्या घरात निघालाच. बदललेली बत्तीस पाने मी दोनदा वाचली. स्पेलचेकरनेही तपासली. मग धाकट्या बहिणीला पाठवली. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"दादा, आईने समुद्र कधी पाहिला होता रे?"

"कधीच नाही. का गं?"

"मग यात असं कसं लिहिलंय, की उन्हाळ्यात ती रोज दोन दर्या उतरून पाण्याला जायची?"

आईचे माहेर भोरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले. उन्हाळ्यात वाडीतली विहीर आटली की बायका हंडे घेऊन खाली उतरत, त्या दऱ्या. य ला डावीकडून चिकटणारे र चे ते आडवे रूप मराठीला फार लागते. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येते आणि त्यातल्या एका प्रकारात एक अदृश्य जोडचिन्ह असते. ते गळले की र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दऱ्यांचा दर्या होतो. आमच्या फाइलीत नेमके तेच झाले होते. स्पेलचेकरला दोष कसा देणार? दर्या हा शब्द बरोबरच आहे. यंत्राच्या दृष्टीने चूक शून्य. आणि मी? बी. ए. ला मराठी घेतलेला, जन्मभर मुलांच्या कानामात्रा तपासलेला. मी शब्द वाचत होतो. बहीण आईला ऐकत होती.

चाचणीबद्दल एवढे वाचल्यावर माझ्या हाती जे लागले ते इतकेच. गेले तसे परत आले का, हे यंत्र पाहू शकते. पण मुळात काय गेले होते, हे ज्याला माहीत आहे असा एक तरी माणूस लागतो. तो माणूस असेपर्यंतच ती चाचणी घेता येते. आई असती तर आणखी चार चुका तिने हसत हसत काढल्या असत्या. पुस्तिकेत तशा काही राहिल्याही असतील. त्या आता कुणाला दिसणार नाहीत.

असो. आम्ही दोघांनी मिळून फोनवर सगळी पाने मोठ्याने वाचली. तिने ऐकायचे, मी वाचायचे. तीन संध्याकाळी लागल्या. दर्या सात ठिकाणी सापडला आणि सातही ठिकाणी आम्ही आईला पुन्हा दऱ्यांत उतरवली. पुस्तिका छापून झाली. या वेळी प्रती साठ काढल्या, आणि कुणाकुणाला दिल्या त्याची यादी वहीत, शाईने लिहून ठेवली आहे.